शुभहस्ते दुग्धपान

खानदेशात जाते म्हटल्यावर चिपळूणला आमच्या आळीत सगळ्यांनी मला उन्हाचीच भीती घातली. टोपी घे, कांदा जवळ ठेव, दुपारची बाहेर पडू नकोस. फेब्रुवारी नुकता सरत आला होता, खरं ऊन लागायला अवकाश होता. पण कोकणातल्या माणसाला घाटापलीकडचं सगळंच वाळवंट वाटतं. मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कोणी बोलावलं की जाते, घरी बसून टीव्हीवर भांडणं बघण्यापेक्षा ते बरं. या खेपेला बोलावणं होतं जळगावच्या एका संस्थेचं. गायींच्या पैदाशीवर काम करणारी त्यांची प्रयोगशाळा आहे आणि तिच्या कौतुकासाठी त्यांनी ‘जैवतंत्रज्ञान महोत्सव’ भरवला होता. पहिला दिवस जळगाव, दुसरा चोपडा, तिसरा धुळ्याला देवपुरात. विद्यार्थ्यांनी केलेल्या मॉडेलांचं परीक्षण मी करायचं होतं.

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, भरीत खाल्लंस का? खाल्लं. तेही सांगते. पण मला सांगायचं आहे ते एका कालवडीबद्दल, आणि ते काही गोड नाही. ज्यांना भरितापुरतंच ऐकायचं असेल त्यांनी चोपड्यापर्यंत वाचावं आणि थांबावं.

जळगाव

स्टेशनबाहेरच महोत्सवाचा भला मोठा फलक. मधोमध डीएनएचा गोफ, त्याच्या एका टोकाला केळीचा घड, दुसऱ्या टोकाला गाय. भोवती मान्यवरांचे एवढे चेहरे, की महोत्सव नेमका कोणत्या जिवांचा ते कळायला मला जरा वेळ लागला.

उद्घाटनाआधी ‘जनुकदिंडी’ निघाली. थर्माकोलचा डीएनए फुलांच्या पालखीत बसवलेला, पुढे लेझीम, मागे पांढरे कोट घातलेली मुलंमुली. मला हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आमच्या वेळी शास्त्र म्हणजे फॉर्मलिनचा वास आणि अंधारी खोली. इथे त्याच्यापुढे लेझीम खेळत होते. मांडवात केळीची करंगळीएवढी रोपं बाटल्यांत वाढवून ठेवलेली होती, आणि एक मुलगी प्रत्येकाला तेच तेच न कंटाळता समजावत होती. एका शाळेनं साबुदाण्याच्या दाण्यांची पेशी केली होती. तिला मी मनातल्या मनात बक्षीस देऊनही टाकलं.

सत्कार मात्र संपता संपेनात. शाल, टोपी, नारळ, पुन्हा शाल. आमच्याकडे कार्यक्रम कितीही मोठा असो, शेवटची एसटी चुकेल म्हणून लोक आटपतं घेतात. इथे प्रत्येकाच्या मागे स्वतःची गाडी उभी होती आणि कोणालाच घाई नव्हती. शिवाय एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इथे कुठलीही गोष्ट आपसूक होत नाही, ती कोणाच्या तरी हस्ते व्हावी लागते. समई, फीत, पाट्या, पुस्तिका, एवढंच काय, सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा एका साहेबांच्या हस्ते लागला. आमच्याकडेही हे आहेच, पण इतकं कडक नाही.

खरी गर्दी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. हिरव्या जाळीच्या कुंपणात, गालिच्यावर, एक गीर कालवड उभी होती. जन्मून पंधरवडाही झाला नसेल. तांबूस अंग, पानासारखे लांब लोंबते कान, गळ्यात झेंडूची माळ. फलकावर लिहिलं होतं, ‘जैविका’. बीज एका नावाजलेल्या गीर गायीचं, फलन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, आणि गर्भ वाढला तो शिंदखेड्याजवळच्या एका साध्या गावठी गायीच्या पोटात. गाय शेतकऱ्याची, वासरू संस्थेचं, असा व्यवहार. दूध तुटेपर्यंत वासरू गायीजवळच राहायचं असंही त्यात होतं.

कालवडीशेजारी पोत्यावर एक बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पाय दुमडून, जणू स्वतःच्याच ओसरीवर बसल्यात. या यमुनाअक्का. गाय त्यांची. माणसं जाळीतून हात घालून वासराला चिवडत होती आणि अक्का एकेकाचा हात न बोलता बाजूला करत होत्या.

“हिची आई कुठे आहे?” मी विचारलं.

“घर शे,” अक्का म्हणाल्या. “नाना सांभाळी राह्यनात तिले.” नाना म्हणजे त्यांचे यजमान.

“मग ही दूध कोणाचं पिते?”

“थैलीनं. बाटलीमा घालीसन. दुसराना हातनी पेत नही, म्हनीसन माले आनं आठे.” मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, “नाव जैविका शे म्हनतस. मी हरणी म्हनस.”

आईला का आणलं नाही, हे मी महोत्सवाच्या प्रमुखांना विचारलं. चौधरी सर. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या द्याल. दिवसभर धावपळ, पोटात अन्न नाही, फोन कानाला चिकटलेला, आणि आपल्या प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागले की डोळे भरून यायचे. म्हणाले, “मॅडम, गाय अगदीच साधी आहे हो. बरगड्या दिसतात. लोक वासराकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघतील. आणि स्टेजवर शेण टाकलं तर?”

निमंत्रणपत्रिकेत शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: ‘मान्यवरांच्या शुभहस्ते जैविकाचे दुग्धपान’. तिन्ही ठिकाणी ते व्हायचं होतं, आणि शेवटी देवपुरात पाळणा बांधून चक्क बारसं. जळगावात पाहुणे वेळेवर आले. रिबन बांधलेली बाटली चांदीच्या ताटातून त्यांच्या हाती दिली. कालवडीनं बाटली हुंगली आणि मान फिरवली. पाहुण्यांनी दुसऱ्या बाजूनं पुढे केली. तिनं तिकडूनही फिरवली. मांडवात खसखस पिकली. “पोट भरेल शे तिनं, साहेब,” मागून कोणीतरी म्हणालं आणि हसणं वाढलं. अक्कांनी सकाळीच तिला पोटभर पाजलं होतं, ती तरी काय करणार? फोटोवाले खट्टू झाले, पाहुणे कसनुसं हसले, आणि चौधरी सरांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांदेखत फर्मान काढलं. उद्यापासून कार्यक्रमाआधी वासराला थेंबभरही द्यायचं नाही. “भूक असली की कसं ओढून ओढून पितं, तेच लोकांना बघायचं असतं.”

मी म्हटलं, “लहान जीव आहे, फार ताणू नका.”

“अर्धा तास, मॅडम. फार तर अर्धा तास.”

चोपडा

तापी ओलांडली की जमिनीचा रंगच बदलतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आत डोकावलं तर हिरवा काळोख, आणि पलीकडे निळसर सातपुडा, पार चोपड्यापर्यंत सोबतीला. मी संस्थेच्या गाडीत होते. पुढे सलीमभाईंचा टेम्पो, त्यात अक्का आणि कालवड. सलीमभाई जळगावचे, भाड्यानं टेम्पो चालवणारे, पांढरी दाढी, बोलणं कमी. रस्त्यात खड्डा आला की टेम्पो एवढा हळू व्हायचा की आमचा ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायचा.

दुपारचं जेवण एका बागेत, लिंबाच्या सावलीत. तुरीच्या वाळल्या काटक्यांच्या, तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ती लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आम्ही कोकणातली माणसं भरितात दही घालतो आणि त्यालाच तिखट म्हणतो. पहिल्या घासाला मला ब्रह्मांड आठवलं, उचकी लागली ती थांबेना, आणि वाढणारी बाई पदराआड हसत म्हणाली, “ताई, आमनं भरीत पोरंसोरं खातस.” मग मीही इरेला पेटून दुसरी भाकरी घेतली. फार सुंदर जेवण होतं. ते तसं होतं हे लिहून ठेवते, कारण त्यानंतर मला या प्रवासात अन्न गोड लागलं नाही.

चोपड्याचा कार्यक्रम चौधरी सरांच्या मनासारखा झाला. सकाळपासून उपाशी ठेवलेली कालवड बाटली दिसताच धडपडत पुढे आली, शेपूट हलवत, डोकं ढुसण्या देत प्यायली. टाळ्यांचा कडकडाट. पाहुणे तर बाटली रिकामी झाली तरी सोडीनात. चौधरी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बघा मॅडम, प्रयोग यशस्वी.” मीही टाळ्या वाजवल्या. छान दिसत होतं ते, नाही कसं म्हणू?

उन्हं कलल्यावर मी कॉलेजच्या मागच्या बाजूला गेले तर अक्का टेम्पोजवळ बसून ओल्या फडक्यानं कालवडीचं ढुंगण पुसत होत्या. पिवळं पाणी झालं होतं. थैलीचं दूध, त्यातही दिवसभराची भूक आणि मग घाईनं प्यालेलं. ते पोटाला बाधणारच. कालवड उभी होती, पण पाय फाकवून.

“ताई,” अक्का म्हणाल्या, “तुम्ही शिकेल शेतस. तुमनं ऐकतीन त्या. सांगा ना, आम्हले घर जाऊ द्या म्हनीसन. दूध तिना मायजोडे शे आनि आम्ही गावोगाव हिंडी राह्यनूत.”

मग एक एक करून बोलल्या. ही गाय त्यांच्याकडे लहानाची मोठी झालेली. तिची आधीची दोन्ही वासरं गेली, एक जन्मताच, एक मागून. हे तिसरं. दुसऱ्याचं बीज असलं म्हणून काय झालं, चाटलं तिनेच. व्याली तेव्हा नाना गोठ्यात होते, अक्का बाहेर देवाला हात जोडून. आता वासरू समोर नाही म्हणून गाय पान्हा चोरते, नानांना धार काढू देत नाही, कास दगडासारखी झाली आहे, असा सकाळीच फोन होता. “ती बी तठे उपाशीच शे,” अक्का म्हणाल्या. “वैरणले तोंड लावत नही.”

मी चौधरी सरांकडे गेले आणि आडपडदा न ठेवता बोलले. वासराला हगवण लागली आहे, ते लहान आहे, त्याला आजच आईकडे पाठवा. त्यांनी ऐकून घेतलं. संस्थेच्या पशुवैद्याला बोलावलं. त्यानं तपासलं, पावडर दिली, म्हणाला ताप नाही. मग चौधरी सर म्हणाले, “मॅडम, उद्या बारसं आहे. एवढ्या मोठ्या पाहुण्यांनी होकार दिलाय तो केवळ त्यासाठी. बारशाला बाळच नसलं तर कसं? कार्यक्रम सकाळी. आटोपला की सलीमभाई तिला देवपुरातून थेट घरी सोडतील. माझा शब्द.”

शिंदखेडा धुळ्याहून जवळच. म्हटलं, एक सकाळ. अक्कांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कालवडीच्या अंगावर पोतं घातलं.

देवपूर

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर. शाळा, कॉलेजं, शिकवण्यांच्या पाट्या आणि सायकलींवरून जाणारी मुलं. मला एकदम आपल्या जगात आल्यासारखं वाटलं. कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता आणि स्टेजवर पाळणा बांधला होता. खराखुरा लाकडी पाळणा, वासरू मावेल एवढा मोठा, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. फुगे, झुरमुळ्या, खाली रांगोळीत डीएनए. पाळण्याशेजारी टेबलावर ताट, ताटात रिबन बांधलेली बाटली. तेवढी एकच बाटली होती, एकच रबरी बोंडी, आणि ती ताटात सजवून ठेवल्यामुळे अक्कांच्या हाताबाहेर गेली होती.

सकाळ सरली. पाहुणे निघालेत असं कळलं. मग कळलं की वाटेत दुसरं एक उद्घाटन आहे. मुलांची नाटिका झाली, मग तीच मुलं पुन्हा बसवली आणि कोणा प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. मी मॉडेलांना गुण देऊन टाकले. ऊन तापलं, मांडवाचं कापड गरम झालं, पंखे स्टेजकडे वळवलेले. कालवड स्टेजच्या मागे सलीमभाईंच्या टेम्पोच्या सावलीत होती. आधी ती अक्कांची बोटं चोखत होती. मग बसली. मग मान जमिनीला टेकवली.

“सर, पाजून टाकू द्या,” मी म्हटलं. “पाहुण्यांसमोर पुन्हा थोडं पाजता येईल.”

“मग जळगावसारखं होईल.” चौधरी सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “मॅडम, माझी अडचण समजून घ्या. आता येतीलच.”

मी कँटीनमधून पेलाभर दूध आणलं. चमच्यानं पाजू म्हटलं. अक्कांनी वासराचं तोंड उघडलंही, तेवढ्यात चौधरी सर धावत आले. पाहुण्यांची गाडी पुलावर आली होती. त्यांनी माझ्या हातातला पेला अगदी आदरानं काढून घेतला आणि कोणाच्या तरी हाती दिला. पशुवैद्य कुठे आहे म्हणून बघितलं तर तो फेटा बांधून प्रवेशद्वाराशी स्वागताच्या रांगेत उभा होता. पुलावर आलेली गाडी मैदानात यायलाही खूप वेळ लागला, कारण वाटेत कोणीतरी हार घेऊन उभं होतं. मला इतका संताप आला की मी एका खुर्चीला लाथ मारली. पायाचं नख काळं झालं, एवढंच त्यातून निघालं.

शेवटी पाहुणे आले. मग समई, मग स्वागतगीत, मग सत्कार. हे सगळं क्रमानंच व्हायला हवं होतं. मग कालवडीला उचलून स्टेजवर नेलं. उभी राहीना म्हणून दोघांनी धरली. दूध थंड झालं होतं. बाटली ताटातून पाहुण्यांच्या हाती गेली आणि कालवडीनं, अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून, तोंड पुढे केलं.

“साहेब, जरा वर धरा. चेहरा येत नाहीये,” फोटोवाला म्हणाला.

पाहुण्यांनी बाटली वर धरली. कालवडीची मान वर ओढली गेली. वासरू आईला पितं ते मान खाली घालून, गळा लांब करून. मान अशी वर ताणून पाजलं तर दूध वाट चुकतं. हे मला ठाऊक होतं, अक्कांना ठाऊक होतं, त्या मैदानातल्या अर्ध्या लोकांच्या घरी गायी होत्या. अक्का स्टेजखालून म्हणाल्या, “मान खाले, मान खाले करा तिनी.” लाउडस्पीकरवर निवेदक बोलत होता, विज्ञान आणि मातृत्व यांच्या संगमाबद्दल.

“साहेब, अजून एकदा. इकडे बघा.”

पाहुण्यांनी बाटली दाबली. मऊ प्लास्टिकची होती. दूध कालवडीच्या नाकातून आलं. ती खोकली, सगळं अंग हलवून खोकली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या मिशांवर फेस होता. कोणीतरी तो रुमालानं पुसला आणि तिला पाळण्यात निजवलं. कॉलेजातल्या बायकांनी पाळणा म्हटला. एकीनं तिच्या लांब कानात तोंड घालून कुर्र केलं, नाव सांगितलं, बाकीच्यांनी रीतीप्रमाणे त्या बाईच्या पाठीत चापट्या मारल्या. कालवडीचे डोळे मिटत होते. “झोपली बाई,” निवेदक म्हणाला आणि मांडव हसला.

मी पहिल्या रांगेत बसले होते. मला तिच्या बरगड्यांचा भाता दिसत होता, आणि तो झोपलेल्या जिवाचा नव्हता.

खाली आणल्यावर पशुवैद्यानं फेटा काढला, कान लावून ऐकलं. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. दूध फुप्फुसात गेलं होतं. त्यानं इंजेक्शन दिलं, दवाखान्यात ठेवू म्हणाला. पण अक्कांनी कालवडीला कवेत घेतलं होतं आणि त्या कोणाचंच ऐकायला तयार नव्हत्या. “तिनी मायकडे लई जास मी,” एवढंच म्हणत होत्या. चौधरी सरांनी शब्द पाळला. टेम्पो लगेच सोडला.

माझी परतीची बस संध्याकाळची होती. अक्कांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही, आणि मी टेम्पोत चढले.

शिंदखेड्याच्या वाटेवर

मी मागे, अक्कांबरोबर बसले होते. कालवडीचं डोकं अक्कांच्या मांडीवर, पुढचे पाय माझ्या. सलीमभाईंनी पोतं पाण्यात भिजवून दिलं होतं. हायवेला लागलो तेव्हा ती श्वास घेताना आवाज येत होता, हुक्का ओढल्यासारखा. मी मेलेले प्राणी आयुष्यभर हाताळले. बेडूक, झुरळं, उंदीर, मुलांसमोर चिरून दाखवले. इथे मात्र मला त्या पायांच्या खुरांकडे बघवेना. अजून मऊ होती ती, नीट चाललीही नव्हती.

सोनगीरच्या अलीकडे आवाज थांबला. अक्कांनी तिच्या नाकाशी हात धरला. मग पदर काढून तिच्या तोंडावरचा फेस पुसला, कान नीट केले, आणि तसाच हात तिच्या मानेवरून फिरवत राहिल्या. मी पुढच्या पत्र्यावर थाप मारली. सलीमभाईंनी टेम्पो कडेला घेतला, मागे येऊन बघितलं. नंतर सबंध रस्ता ते चोपड्याला जाताना चालवला होता तितकाच हळू टेम्पो चालवत होते, खड्डे चुकवत. मला रडू आवरेना. अक्का रडत नव्हत्या.

गाव शिंदखेड्याच्या अलीकडे, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांमधून आत. घराशी पोचलो तेव्हा दिवस होता अजून. नाना दारात उभे होते. टेम्पोच्या आवाजानंच गाय हंबरायला लागली होती, दावं ताणून, खुंट्याभोवती फिरत. साधीच गाय. बरगड्या दिसत होत्या, चौधरी सर म्हणाले तशा.

नानांनी टेम्पोत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग गायीकडे बघत म्हणाले, “तिले दखाडं नही ते ती रोज हाका मारी.”

दोघांनी कालवडीला उचलून गायीपुढे ठेवलं. गायीनं हुंगलं. मग चाटायला लागली. तोंडापासून, कानांवरून, पाठीवरून, शेपटीपर्यंत, नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटतात तसं, आणि चाटता चाटता तिचा पान्हा सुटला. इतके दिवस नानांना थेंब न देणारी ती गाय, आणि आता तिच्या चारी सडांतून दूध आपोआप मातीत गळत होतं. नाना तोंड फिरवून उभे राहिले. अक्का चरवी घेऊन आल्या, खाली बसल्या आणि धार काढायला लागल्या. कास दाटली होती, मोकळी केली नसती तर गायही गेली असती. धार काढता काढता अक्का रडल्या, मोठ्यानं, गायीच्या पोटाला कपाळ टेकवून. हात मात्र थांबले नाहीत.

त्यानंतर त्यांनी चूल पेटवली. मी नको नको म्हणत असताना चहा केला, त्याच दुधाचा. “पाहुनी उपाशी जावाले नको,” म्हणाल्या. सलीमभाईंनी कप घेतला, मी घेतला. तो चहा मी कसा प्यायले ते मला सांगता येणार नाही. पण ठेवून देणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. चौधरी सर. अक्कांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. “तुम्ही ऐका, ताई. मन्हाकडथून नही ऐकावत.”

सोनगीरहून सलीमभाईंनी पशुवैद्याला फोन केला होता, त्याच्याकडून चौधरी सरांना कळलं होतं. ते खरंच रडत होते. माझ्याजवळ माफी मागत होते, जेवण गेलं नाही म्हणत होते. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, “मॅडम, एक विचारायचं होतं. गाय ठीक आहे ना? त्याच गीर मातेचे गर्भ आमच्याकडे गोठवून ठेवलेले आहेत. या गायीनं इतका छान धरला होता. अक्कांना म्हणावं, खचू नका, दोन-तीन महिन्यांत पुन्हा सोडू. पुढल्या महोत्सवापर्यंत वासरू नक्की होईल.”

मी फोनवर हात ठेवून अक्कांना ते सांगितलं, शब्दाला शब्द.

अक्कांनी नानांकडे बघितलं. नाना खाली बघत होते. गोठ्यात गाय अजून चाटत होती, एकाच जागी, मानेवर, तिथले केस ओले होऊन उभे राहिले होते. अक्का उठल्या, गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच मला म्हणाल्या, “सांगा त्यासले, गाय मरी गयी.”

मी फोन कानाला लावला. तेवढ्यात गाय हंबरली, एकदा, लांब. चौधरी सरांना ते ऐकू गेलं असणार.

“गाय मेली,” मी म्हटलं.

चौधरी सर “बरं” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.